नॉरफोकचे ड्यूक: डोकी गेली, किताब राहिला

बखरनवीस (धागाकर्ता)

राणी एलिझाबेथची अंत्ययात्रा (१९ सप्टेंबर २०२२) आणि पुढच्या वर्षीचा चार्ल्सचा राज्याभिषेक (६ मे २०२३) इथे बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिला असेल. शवपेटीमागे कोण चालणार, मुकुट कुणी आणायचा, कुणाला कुठे बसवायचं, या सगळ्याची सूत्रं ज्याच्या हाती होती तो म्हणजे एडवर्ड फिट्झॅलन-हॉवर्ड, नॉरफोकचा १८ वा ड्यूक (ड्यूक म्हणजे इंग्लंडच्या सरदारांमधला सगळ्यात वरचा किताब). हे काम त्याला ना निवडणुकीने मिळालं ना नेमणुकीने. ते वडिलांकडून आलं. पदाचं नाव 'अर्ल मार्शल'. मार्शल म्हणजे मुळात घोड्यांची निगा राखणारा चाकर, आपल्या भाषेत पागेवरचा माणूस. पागेवरून निघालेली ही चाकरी राज्याभिषेकापर्यंत कशी पोचली ते बघायला गेलो आणि दोन महिने या घराण्यात अडकून पडलो. राजघराण्यातले ड्यूक सोडले तर इंग्लंडात पहिला मान यांचा. आणि याच घराण्याने लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे राजकैद्यांच्या किल्ल्यात, जितके दिवस काढलेत, जितकी मुंडकी दिलीत, तितकी क्वचितच कुणी दिली असतील.

ड्यूकपदाची सुरुवात १३९७ मध्ये. दुसऱ्या रिचर्डने टॉमस मोब्रेला नॉरफोकचा ड्यूक केलं. पुढच्याच वर्षी राजाच्या चुलत भावाने, हेन्री बोलिंगब्रोकने, त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला. निवाडा द्वंद्वाने करायचं ठरलं. कॉव्हेंट्रीला मैदान आखलं, दोघे चिलखतं घालून आले, बघ्यांची जत्रा जमली आणि ऐन वेळी राजाने खेळ थांबवला. मोब्रेला जन्माची हद्दपारी, बोलिंगब्रोकला दहा वर्षांची. मोब्रे १३९९ मध्ये व्हेनिसला वारला. त्याच वर्षी बोलिंगब्रोक परत आला, रिचर्डला गादीवरून खाली खेचून चौथा हेन्री झाला. घराण्याचा किताब परत मिळायला १४२५ उजाडलं.

मोब्रे वंश संपला तो एका पोरीपाशी. चौथा मोब्रे ड्यूक १४७६ मध्ये गेला, मागे एकुलती एक ॲन. चौथ्या एडवर्ड राजाने एवढी इस्टेट बाहेर कशाला जाऊ द्यायची म्हणून १४७८ च्या जानेवारीत आपल्या धाकट्या मुलाशी, रिचर्डशी, तिचं लग्न लावलं. नवरी पाच वर्षांची, नवरा चार वर्षांचा. नॉरफोकची ड्यूकगिरी त्याला आधीच देऊन ठेवली होती. ॲन १४८१ मध्ये, नऊ पूर्ण व्हायच्या आत, वारली. कायद्याने इस्टेट तिच्या रक्ताच्या वारसांकडे जायला हवी होती. राजाने संसदेकडून ठराव करून घेतला की नाही, ती जावयाकडेच, म्हणजे माझ्याच मुलाकडे राहील.

आता त्या वारसांतला एक होता जॉन हॉवर्ड. त्याची आई पहिल्या मोब्रे ड्यूकची मुलगी. हक्काचं ताट ओढून घेतलेला माणूस तो. १४८३ च्या एप्रिलमध्ये एडवर्ड मेला. जूनमध्ये त्याचा धाकटा रिचर्डही थोरल्या भावापाशी टॉवरमध्ये गेला आणि ती दोन्ही पोरं पुढे दिसली नाहीत. त्यांच्या काकाने, तिसऱ्या रिचर्डने, २६ जूनला गादी घेतली आणि २८ जूनला जॉन हॉवर्डला नॉरफोकचा ड्यूक केलं. दोन दिवसांत! किताब ज्याच्या नावावर होता तो पोरगा मेला की नाही याची वाच्यताही झालेली नव्हती. पोरांच्या खुनात हॉवर्डचा हात होता असं म्हणणारे आहेत, पुरावा कुणाकडेच नाही. मला विचाराल तर ही तारीखच फार बोलकी आहे.

हॉवर्डने मात्र खाल्ल्या मिठाला जागून दाखवलं. २२ ऑगस्ट १४८५ ला बॉझवर्थच्या लढाईत तो राजासाठी लढताना पडला. आदल्या रात्री त्याच्या तंबूवर कुणी तरी 'तुझा धनी विकला गेलाय' अशा अर्थाच्या ओळी चिकटवल्या होत्या, अशी गोष्ट सांगतात. जिंकलेल्या सातव्या हेन्रीने किताब काढून घेतला, मुलाला टॉवरमध्ये टाकलं.

हा मुलगा टॉमस. तीन वर्षं कैद भोगून सुटला आणि नव्या राजाकडे चाकरीला लागला. सत्तरीच्या घरात असताना, ९ सप्टेंबर १५१३ ला, फ्लॉडनच्या रणात त्याने स्कॉटलंडच्या फौजेचा धुव्वा उडवला. त्यांचा राजा चौथा जेम्स तिथेच मारला गेला. बक्षीस म्हणून १५१४ मध्ये ड्यूकगिरी परत, आणि वर हॉवर्डांच्या ढालीवरच्या चित्रात एक भर: स्कॉटलंडचा सिंह कमरेपासून तोडलेला, तोंडात बाण घुसलेला. ते चित्र आजही त्यांच्या ढालीवर आहे. लक्षात ठेवा, चित्रांचा विषय पुन्हा येणार आहे.

बोटं दुखली. तिसऱ्या ड्यूकवर उद्या लिहितो.

सांजवात

वाचतेय. त्या ॲनचं वाचून कसंतरीच झालं. पाच वर्षांची नवरी आपल्याला नवी नाही, आपल्या पणजीच्या पिढीपर्यंत हेच होतं. पण पोर मेल्यावरही तिच्या नावची जमीन सोडायची नाही, हे जास्त लागलं.

बखरनवीस

सांजवातताई, तिची गोष्ट तिथे संपत नाही. १९६४ मध्ये पूर्व लंडनमध्ये स्टेपनीला बांधकामासाठी खोदाई चालू असताना मजुरांना शिशाची छोटी शवपेटी सापडली. वरच्या पाटीवरून कळलं की ही ॲन मोब्रे. केस अजून शाबूत होते. पुढच्या वर्षी तिला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुन्हा पुरलं. नवऱ्याचं काय झालं ते मात्र अजून कुणाला ठाऊक नाही.

टवाळ_कार्टं

साहेब जाऊन पंचाहत्तर वर्षं झाली राव. आपल्याला काय करायचेत त्यांचे ड्यूक? आपल्या देशमुखांवर, सरदारांवर धागा काढा की. वतनं आपल्याकडेही होतीच.

बखरनवीस

तू काढ, मी पहिला प्रतिसाद देतो. पण 'वतन म्हणजेच हे' असं म्हणून हात झटकू नकोस. पाटीलकी, देशमुखी भावाभावांत वाटली जायची. निम्मी पाटीलकी विकल्याची खतं आपल्याकडे ढिगाने आहेत. म्हणूनच तर 'भाऊबंदकी' हा शब्द आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळतो. इंग्लंडात थोरल्या मुलाला सगळं, धाकट्यांनी फौजेत नाही तर चर्चमध्ये पोट भरायचं. किताबाचा अर्धा तुकडा होत नाही. घराणं टिकलं त्याचं अर्धं कारण मला हे वाटतं. दुसरं अर्धं असं, की किताब त्यांनी आपला मानला तरी तो खरं तर राजाचाच होता. काढून घेता यायचा, म्हणून परतही देता यायचा.

असो, तिसरा ड्यूक. हाही टॉमस हॉवर्ड. आठव्या हेन्रीच्या दोन राण्या याच्या भाच्या-पुतण्या: ॲन बोलिन बहिणीची मुलगी, कॅथरिन हॉवर्ड भावाची. दोघी गादीवर बसल्या तेव्हा घरात दिवाळी, आणि दोघींचं डोकं उडालं तेव्हा काकांनी हात वर केले. १५३६ मध्ये ॲनवर खटला चालला तेव्हा न्यायासनावर मुख्य म्हणून हाच बसला होता आणि भाचीला मरणाची शिक्षा यानेच वाचून दाखवली. सहा वर्षांनी, १५४२ मध्ये, कॅथरिन गेली तेव्हाही हा सहीसलामत.

पण शेवटी पाळी आलीच. त्याचा थोरला मुलगा हेन्री, अर्ल ऑफ सरे (अर्ल हा ड्यूकहून खालचा किताब), कवी म्हणून मोठा माणूस. इंग्रजीत निर्यमक छंद पहिल्यांदा त्याने आणला. डोक्यात हवाही तेवढीच. त्याने आपल्या ढालीत जुन्या एडवर्ड द कन्फेसर राजाचं चिन्ह घातलं. राजा आजारी, वारस नऊ वर्षांचा, अशा वेळी राजाचं चिन्ह मिरवणं म्हणजे गादीवर डोळा, असा अर्थ लावला गेला. १९ जानेवारी १५४७ ला सरेचा शिरच्छेद झाला. आजोबांना चित्राने मान दिला, नातवाची मान चित्रानेच घेतली.

बापाची शिक्षा ठरली होती २८ जानेवारीला सकाळी. त्या पहाटेच्या आधीच आठवा हेन्री मेला. नव्या राजाच्या कारकिर्दीची सुरुवात रक्ताने नको म्हणून म्हाताऱ्याला मारलं नाही, सोडलंही नाही. सहा वर्षं टॉवरमध्ये काढून, हेन्रीची मुलगी मेरी राणी झाल्यावर १५५३ मध्ये ऐंशीच्या घरात तो बाहेर आला, किताब परत घेतला आणि पुढच्या वर्षी आपल्या बिछान्यात मेला.

लॉन्गऑन

काही तासांनी वाचला! शेवटच्या चेंडूला नो-बॉल मिळाल्यासारखं झालं की हे.

फुलवात

एक बाळबोध प्रश्न. नॉरफोक तर इंग्लंडच्या पूर्वेला. यांचा किल्ला अरंडेलला, म्हणजे दक्षिणेत ससेक्समध्ये. हे कसं?

बखरनवीस

लग्नाने. चौथ्या ड्यूकने अरंडेलच्या अर्लची मुलगी मेरी फिट्झॅलन केली, किल्ला आणि अर्लगिरी त्या वाटेने आली. आडनावातलं फिट्झॅलन तिथलंच. आजही ड्यूकचा थोरला मुलगा बाप असेपर्यंत अर्ल ऑफ अरंडेल म्हणवतो.

तो चौथा ड्यूक म्हणजे सरेचा मुलगा. पहिल्या एलिझाबेथ राणीचा दूरचा भाऊ, प्रॉटेस्टंट, तिच्या राज्यातला एकुलता एक ड्यूक. तीन बायका वारल्यावर याला चौथी करावीशी वाटली ती थेट स्कॉटलंडची मेरी राणी, जी एलिझाबेथच्या कैदेत होती! एकदा टॉवरमध्ये बसून आला, शपथ घेऊन सुटला, आणि पुन्हा एलिझाबेथला हटवून मेरीला गादीवर बसवायच्या रिडॉल्फीच्या कटात सापडला. एलिझाबेथने हुकमावर सही करायची आणि मागे घ्यायची असं काही महिने चाललं. २ जून १५७२ ला अखेर डोकं उडालं. या वेळी किताब गेला तो अठ्ठ्याऐंशी वर्षांसाठी.

ॲडव्होकेट_आबा

या 'किताब जाण्या'मागे एक भयंकर हत्यार होतं, ॲटेंडर नावाचं. राजद्रोहाचा शिक्का बसला की जमीन आणि किताब जप्त, शिवाय माणसाचं रक्तच 'नासलं' असं कायद्याने धरायचं. म्हणजे त्याच्यातून पुढे वारसा वाहूच शकत नाही. पुष्कळदा खटला न चालवता नुसत्या संसदेच्या ठरावानेही हे करता येई, तिसऱ्या ड्यूकचं तसंच झालं होतं. रक्त पुन्हा शुद्ध करायलाही संसदच लागे. आपल्याकडे वाळीत टाकलेल्याला प्रायश्चित्त देऊन पंगतीत घेत, साधारण तसं, फक्त पंगतीच्या जागी अर्धा परगणा.

बखरनवीस

आबा, अगदी नेमकं. चौथ्याचा मुलगा फिलिप हॉवर्ड आईकडून अरंडेलचा अर्ल झाला, पण ड्यूक नाही. राज्य प्रॉटेस्टंट, आणि हा कॅथलिक झाला. १५८५ मध्ये देश सोडून पळताना पकडला गेला आणि दहा वर्षांनी, १५९५ मध्ये, टॉवरमध्येच मेला. कैदेनंतर जन्मलेला मुलगा त्याने कधी पाहिला नाही. त्याने भिंतीवर कोरलेली लॅटिन ओळ टॉवरमध्ये आजही दाखवतात. १९७० मध्ये पोपने त्याला संत केलं. ज्या घराण्यात बाप-आजोबा मुकुटापायी मेले त्यात हा एक प्रार्थनेपायी मेला, आणि मला तरी या सगळ्या मंडळींत हाच एक सरळ माणूस दिसतो.

१६६० मध्ये संसदेने किताब परत दिला तो कुणाला? इटलीत पादुआला राहणाऱ्या टॉमसला. त्याला तापानंतर वेड लागलेलं होतं. अठ्ठ्याऐंशी वर्षं घराण्याने ज्याची वाट पाहिली ते ज्याच्या पदरात पडलं त्याला त्याचं भान नव्हतं. कारभार धाकटा भाऊ हेन्री बघायचा. त्यानेच १६७२ मध्ये अर्ल मार्शलचं पद वंशपरंपरागत करून घेतलं. पुढचा ड्यूकही तोच.

आता गंमत बघा. घराणं बहुतांशी कॅथलिक. १६७८ पासून कॅथलिक सरदारांना संसदेत बसायला बंदी. म्हणजे देशातला पहिला ड्यूक आणि सभागृहाचं दार बंद! धर्म बदलला तरच प्रवेश. काहींनी बदललाही. ११ वा ड्यूक चार्ल्स त्यातला, दारूसाठी आणि अंघोळीच्या तिटकाऱ्यासाठी प्रसिद्ध. तो पिऊन पडला की नोकर त्याला धुऊन काढत असं सांगतात. १७९८ मध्ये भर मेजवानीत त्याने 'आपले राजे, म्हणजे जनता' अशा धाटणीचा पेला उचलला आणि तिसऱ्या जॉर्जने त्याची पदं काढून घेतली. अर्ल मार्शलचं कामही कॅथलिक ड्यूकला स्वतः करता येत नसे, प्रॉटेस्टंट नायब नेमावा लागे. ती अट १८२४ मध्ये गेली आणि संसदेचं दार १८२९ मध्ये उघडलं.

शेफील्डकर

मी एम.एस्सी. शेफील्डला केलं. कॉलेजला जाताना रोज नॉरफोक स्ट्रीट, सरे स्ट्रीट, हॉवर्ड स्ट्रीट, अरंडेल गेट. दोन वर्षं या नावांवरून चाललो आणि ही सगळी एका घरातली आहेत हे आज तुमच्या धाग्यात कळतंय! पण शेफील्डशी यांचा काय संबंध? ना नॉरफोक, ना ससेक्स.

बखरनवीस

पुन्हा लग्न. संत फिलिपच्या मुलाने टॅलबट घराण्यातली ॲलेथिया केली, तिच्या वाट्याने शेफील्डची जमीन आली. तेव्हा ते साधं गाव होतं. पुढे खाली कोळसा आणि वर पोलाद, मग काय विचारता. अरंडेलचा किल्ला आज जो दिसतो तो बराचसा एकोणिसाव्या शतकात नव्याने बांधलेला, त्याचा पैसा शेफील्डच्या भाड्यातून आला म्हटलं तरी चालेल. १५ वा ड्यूक तर १८९७ मध्ये शेफील्डचा पहिला लॉर्ड मेयर होता.

फुलवात

कुठे तरी वाचलं होतं की यातल्या एका ड्यूकचं आणि करीचं काही तरी प्रकरण आहे?

बखरनवीस

हो! ते राहिलंच. १३ वा ड्यूक. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळ समोर दिसत होता. डिसेंबरात ससेक्समधल्या शेतकऱ्यांच्या सभेत ड्यूकसाहेबांनी गरिबांना उपाय सुचवला: चिमूटभर करी पावडर कढत पाण्यात घालून प्या, पोटाला ऊब येते, भूक लागत नाही, हिंदुस्थानातले गोरगरीब असंच निभावतात. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने पुढे कित्येक आठवडे त्याची सालटी काढली.

सांजवात

नुसत्या गरम पाण्यात मसाला! आमच्याकडे साराला निदान चिंच, गूळ, वरून तुपाची फोडणी असते, आणि तरी ते भाताबरोबर जेवतात. भाताऐवजी नाही.

टवाळ_कार्टं

बरं, माघार. करी पावडरवाल्या ड्यूकसाठी धागा वसूल.

मुंबईकर_आजोबा

टवाळा, आपल्याकडेही इंग्रजी किताबांची घराणी झाली की. जमशेटजी जीजीभॉय १८४२ मध्ये 'सर' झाले आणि १८५७ मध्ये बॅरोनेट. बॅरोनेटगिरी वंशपरंपरागत, पण त्याने लॉर्डांच्या सभागृहात जागा मिळत नाही. गंमत म्हणजे गादीवर येणाऱ्या प्रत्येकाने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव धारण करायचं असा नियम केला गेला. खराखुरा लॉर्ड झालेला पहिला हिंदी माणूस म्हणजे बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, १९१९ मध्ये बॅरन.

लॉन्गऑन

क्रिकेटवाल्यांच्या वतीने १६ व्या ड्यूकबद्दल मी लिहितो, धागाकर्त्याने रागावू नये. बर्नार्ड साहेब. १९१७ मध्ये आठव्या वर्षी ड्यूक झाले. १९३७ आणि १९५३ चे राज्याभिषेक, १९६५ ची चर्चिलची अंत्ययात्रा, सगळं यांनी पार पाडलं. पण आमच्या लेखी त्यांची खरी ओळख अशी की १९६२-६३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ते इंग्लंडच्या संघाचे मॅनेजर होते. कल्पना करा, राणीचा राज्याभिषेक घडवणारा माणूस बॅगा मोजतोय. अरंडेलच्या किल्ल्याजवळचं त्यांचं मैदान इतकं देखणं, की पुढे कित्येक वर्षं परदेशी संघ दौऱ्याचा पहिला सामना तिथे खेळत.

त्यांना चार मुली, मुलगा नाही. थोरली ॲन हिने पुढे कॉलिन काउड्रीशी लग्न केलं, आपल्याकडे भारतात जन्मलेला तोच काउड्री.

फुलवात

चार मुली असून किताब बाहेर गेला?

ॲडव्होकेट_आबा

ड्यूकगिरी फक्त पुरुष वारसाला. म्हणून १९७५ मध्ये ती चुलत घराण्यातल्या माइल्स फिट्झॅलन-हॉवर्डकडे गेली, दूरचा भाऊ, पेशाने सेनाधिकारी. पण बर्नार्डकडे आईकडून आलेला एक जुना स्कॉटिश किताब होता, लॉर्ड हेरीस. स्कॉटलंडच्या त्या किताबाला मुलगी चालते. तो ॲनला मिळाला. एका बापाचे दोन किताब, एकाने मुलीला नाकारलं, एकाने जवळ केलं.

बखरनवीस

लॉन्गऑन, रागावतोय कसला, मॅनेजरकीचं मी विसरलोच होतो. त्याच बर्नार्डच्या काळातली एक भर घालतो. ढालीवरच्या चिन्हांचे तंटे सोडवायला अर्ल मार्शलच्या अखत्यारीत एक जुनं न्यायालय आहे. दोनशेहून अधिक वर्षं ते भरलंच नव्हतं. १९५४ मध्ये ते पुन्हा भरलं, कारण मँचेस्टरच्या एका नाटकगृहाने शहराचं चिन्ह आपलं म्हणून वापरलं आणि नगरपालिकेने दावा लावला. नगरपालिका जिंकली. सरेचं डोकं ज्या प्रकारच्या भांडणात गेलं, त्याचा निकाल द्यायला आता त्याच्याच वंशजाचं कोर्ट. मुंडकं अर्थातच कुणाचं गेलं नाही.

टवाळ_कार्टं

आणि सध्याचे १८ वे? त्यांना कधी टॉवर वगैरे?

बखरनवीस

टॉवर नाही, पण कोर्टाची पायरी चढावी लागली. राणीच्या अंत्ययात्रेनंतर आठवड्याभरातच. गाडी चालवताना मोबाइल वापरल्याचं प्रकरण. राज्याभिषेकाच्या तयारीसाठी गाडी लागेल, परवाना काढू नका, असं त्यांच्या बाजूने सांगितलं गेलं. न्यायाधीशांनी ऐकलं नाही. परवाना सहा महिने रद्द.

शेफील्डकर

म्हणजे राज्याभिषेकाच्या आधी परत मिळाला असणार.

ॲडव्होकेट_आबा

सप्टेंबर ते मार्च, हो, मिळाला. यासाठी संसदेचा ठराव लागला नाही.